झाकणातलं दूध

हर्षदने बाटलीच्या झाकणात चमचाभर दूध ओतलं आणि ते झाकण आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात सरकवलं. डब्यात बोटाएवढी सापसुरळी निपचित पडली होती. पौषातल्या सकाळी, मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीच्या आवारात, गार लादीवर ती त्याला सापडली. वॉचमनने चप्पल उगारलीच होती. हर्षदने तिला रुमालात उचलून वर आणलं. हातून पुण्य घडलं की माणसाला ते कुणाला तरी सांगावंसं वाटतंच. घरात ऐकायला तेवढी आई होती.

वेंगुर्ल्याच्या घरी न्हाणीत पाय घसरून पडली, तेव्हापासून त्याने तिला इथे आणलं होतं. स्वतंत्र खोली, टीव्ही, वेळच्या वेळी औषधं. पुन्हा पडू नये म्हणून खाली उतरायला बंदी. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी, जाळीवर हिरवं कापड.

"दूध कित्याक घालतंस तिका?" आईने डब्यात डोकावून विचारलं.

"अगं, अशक्त झालीय. पोटात काही गेलं तर—"

"ती दूध पिता काय? थंडीन गारठली हा. उन्हात ठेव."

"ठेवतो. तू बस."

"मीय येतंय."

नको म्हणायला त्याने तोंड उघडलं, तोवर आईने काठी घेतली होती.

खाली बाकावर त्याने डबा कलता करून ठेवला. आई शेजारी टेकली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग सापसुरळीने मान उचलली आणि सळकन जास्वंदीच्या बुडाशी नाहीशी झाली. दूध तसंच राहिलं.

"झाली की बरी!" हर्षद खुशीत म्हणाला. "चल आई, वर जाऊ."

आईने चपला काढून पाय उन्हात लांब केले. शेतात राबलेले ते काळेसावळे पाय पांढुरके पडले होते. एका घरात राहून हर्षदला ते आज दिसले.

"तू जा. मी बसतंय हयसर."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने झाकणातलं दूध जास्वंदीत ओतलं आणि खाली मान घालून झाकण पुसत राहिला.

तो गप्प आहे म्हणजे रागावला, असं आईला वाटलं असावं.

"थोडोच येळ रे," ती घाईघाईने म्हणाली. "पडूचंय नाय मी."