तेहतीस पॉइंट

"वहिनी, हे काय लावलं सकाळी सकाळी? चक्की उघडली का?"

गोपाळराव दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडले, पण जया निमजेला त्यातलं निम्मंच ऐकू आलं. तिच्या पायाशी, गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाजवळ, जेवणाच्या डब्याएवढा एक काळा पंप जीव खाऊन घरघरत होता. त्याची वायर खिडकीतून आत लायटरच्या सॉकेटात गेली होती आणि रबरी नळीचं टोक टायरला आवळलेलं होतं. गाडी चालू, पंप चालू, आणि अठ्ठावन्न वर्षांची जया उकिडवी बसून पंपावरचे आकडे बघत होती. तीस. साडेतीस.

"हवा भरून राहिली, भाऊ."

"किती?"

"तेहतीस."

"तेहतीस! मे महिन्यात!" गोपाळराव कठड्यावरून अर्धे बाहेर आले. "अहो, सेहेचाळीस डिग्री ऊन पडून राहिलं. फुटते ना टायर! अठ्ठावीस ठेवा. मागं सांगितलं होतं ना तुम्हाले?"

"सांगितलं होतं. आन मी ऐकलंही होतं," जया म्हणाली. "म्हणून तर हा पंप आणा लागला."

गोपाळराव सरकारी खात्यातून निवृत्त झाले त्या दिवसापासून नागपूरच्या टोकाला, बेशातल्या त्या इमारतीत कोणाचं पाण्याचं कनेक्शन, कोणाचं लग्न आणि कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यांच्या सल्ल्याशिवाय पार पडलेलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. पण फुकटचा सल्ला आणि उन्हाळ्यातली लू, दोन्ही खिडकी बंद केली तरी आत येतात. बरं, हवेचं हे शास्त्र त्यांच्या एकट्याचं नव्हतं. अख्खं नागपूर ते मानतं. होळी जळाली की पंक्चरवाला न विचारता चार-पाच पॉइंट हवा सोडून देतो, आणि गाडीवालाही खुशीनं मान हलवतो. उन्हात हवा फुगते, मग आधीच कमी ठेवलेली बरी. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं!

या शहाणपणानं जयाचा घात केला होता, तो मागच्या पंधरवड्यात. नवऱ्याला, श्रावणला, धंतोलीत डायलिसिसला घेऊन निघाली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेसातची मशीन. कमी हवेचं मऊ टायर डांबरावर लोळत, तापत गेलं आणि वर्धा रोडवर त्याची बाजूच फाटली. दोन भल्या माणसांनी उतरून चाक बदलून दिलं, तर स्टेपनीत हवाच नाही. तिची आठवण कोणाला असते? पाऊण तास गेला. साडेसातची मशीन दुसऱ्या पेशंटला गेली आणि श्रावणला संध्याकाळी पाच वाजता सुई लागली. तोवर त्याचा श्वास फुलला होता, पाय सुजून चपलेत मावेनात. त्या दिवशी जया त्याच्याशेजारी बाकावर बसून पाचपर्यंत घड्याळ बघत होती.

रात्री घरी आल्यावर तिनं बॅटरी घेऊन गाडीचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला कंपनीनंच चिकटवलेला कागद होता. त्यावर लिहिलं होतं, तेहतीस. टायर गार असताना तेहतीस. उन्हाळा-हिवाळ्याची भानगडच नव्हती.

तिला स्वतःचाच राग आला. मुलींच्या एका शाळेत एकोणतीस वर्षं ती प्रयोगशाळेत मदतनीस होती. काट्याची यंत्रं पुसायची, मांडायची, उचलायची. शिकवायच्या अरुंधती मॅडम, पण मागच्या बाकावरच्या पोरींच्या मागे जाऊन "डोळा काट्याच्या समोर धर वं, तिरपी कायले बघते" हे सांगायची ती जयाबाईच. आणि एवढं करून स्वतःच्या गाडीचा आकडा तिनं गॅलरीतल्या माणसाच्या तोंडून घेतला होता! दुसऱ्याच दिवशी तिनं पंप मागवला. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे तिला आधीच सुचायला हवं होतं.

पंप तेहतीसवर आला आणि आपला आपण गप्प झाला. जयानं नळी फिरवून काढली, फिस्स झालं, आणि ती मागच्या चाकाकडे वळली. तेवढ्यात प्रज्वल खाली आला. तिचा मुलगा, पुण्यात नोकरीला. रात्रीच आला होता.

"आई, किल्ली दे."

"गाडीत आहे."

"काढून घेतो. सातला तो माणूस येणार आहे, गाडी पाहाले."

"किल्ली काढली तर पंप बंद होते. अजून तीन चाकं बाकी आहेत." जयानं नळी आवळली, बटण दाबलं आणि पुन्हा घरघर सुरू झाली.

प्रज्वल कमरेवर हात ठेवून उभा राहिला. गाडी विकायची हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. बाबांची मशीन चुकली हे त्याला आईनं सांगितलंच नव्हतं, गोपाळकाकांच्या फोनवरून कळलं होतं. तेव्हापासून तो धड झोपला नव्हता.

"बाबांले काही झालं असतं तर, आई? रस्त्यावर? कोणाले फोन केला असता तू?" त्याला आवाज चढवावा लागत होता, पंपामुळे. "मी तिकडे सातशे किलोमीटरवर बसून राहतो. मले झोप येत नाही. कॅब आहेत ना आता? मी तिथून बुक करत जाईन."

जया उठून उभी राहिली. गुडघा कटकन वाजला.

"चूक माझी होती," ती म्हणाली. "हवा कमी ठेवली ते चुकलं. गाडी ठेवली ते नाही चुकलं. एका चुकीची शिक्षा दुसऱ्याले कायले देतो गा?"

"आई, तू अठ्ठावन्न वर्षांची आहेस."

"मग? हवा काय वय विचारून भरते?"

प्रज्वलनं मोबाइल काढून तिथल्या तिथे कॅब बुक केली. आजच्या आज दाखवून देतो, असा त्याचा चेहरा. पहिल्या ड्रायव्हरनं फोन करून विचारलं, "कहाँ जाना है, भैया? पेशंट है क्या?" आणि गाडी रद्द केली. दुसरी सात मिनिटांवर दिसत होती, ती मनीषनगरात शिरून एका गल्लीत गोल गोल फिरत राहिली. जया बघत नव्हती. ती चौथ्या चाकाशी होती. मग तिनं डिकी उघडून स्टेपनीही तपासली. आपला हात जगन्नाथ.

पावणेसातला श्रावण जिना उतरला, एक हात कठड्यावर, एक हात भिंतीवर. साखरेनं डोळे अधू केलेले. हा माणूस तीस वर्षं सरकारी जीपवर ड्रायव्हर होता. साहेबाच्या कपातला चहा सांडू न देता मेळघाटचा घाट उतरवणारा, अशी ख्याती. दोन वर्षांपूर्वी, डायलिसिस नवीन असताना, परतीच्या कॅबमध्ये त्याला ओकारी झाली. कॅबवाल्यानं दोघांना भर दुपारी वर्धा रोडवर उतरवलं. "उतरिए अंकल, गाड़ी धोनी पड़ेगी." भरलेला शर्ट घेऊन श्रावण अर्धा तास रस्त्याच्या कडेला उभा होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाठ करून. जयानं ती पाठ बघितली, आणि त्याच आठवड्यात शिकाऊ लायसन्सचा फॉर्म भरला. बेशाच्या लेआउटमध्ये, रिकाम्या प्लॉटांमधल्या रस्त्यांवर, शेजारच्या सीटवर बसून, शिव्या घालत श्रावणनंच तिला शिकवलं. यातलं प्रज्वलला काहीही ठाऊक नव्हतं. श्रावणनं बायकोकडून शपथ घेतली होती. पोराला कळलं तर त्याच्यासमोर बसायचं कसं, म्हणाला होता.

"किती भरली वं?" श्रावणनं विचारलं.

"तेहतीस."

"आम्ही तर उन्हाळ्यात कमीच ठेवायचो."

"तुम्हीही चुकायचेच."

वरून गोपाळराव म्हणाले, "सांगा, तुम्हीच सांगा, श्रावणभाऊ. तीस वर्षांचा अनुभव आहे तुम्हाले!"

श्रावणनं मान वर केली. गोपाळराव त्याला धूसरच दिसत असणार. "आता ड्रायव्हर ते आहे, भाऊ," तो जयाकडे हात करत म्हणाला. "गाडीत ड्रायव्हरचं चालते." आणि चाचपडत दार उघडून पुढच्या सीटवर बसला.

दुसरी कॅबही रद्द झाली. सहा पंचावन्न. प्रज्वल फोनकडे बघत राहिला, मग मागच्या सीटवर बसला. जयानं पंप गुंडाळून डिकीत टाकला. गेटातून बाहेर पडताना मोटारसायकलवर एक माणूस हात दाखवत आला, तोच गाडी बघणारा. प्रज्वलनं काच खाली केली. "बारानंतर या. आत्ता पेशंट आहे."

जयानं ते ऐकलं. म्हणजे बारानंतर, पण विकणार. गाडी मात्र तिनं अशी चालवली की श्रावण एकदाही कण्हला नाही, आणि सात बावीसला ती धंतोलीत दवाखान्याच्या दारात उभी होती.

परतताना साडेबारा वाजले होते. रस्ता तव्यासारखा तापला होता. जया दर सिग्नलला उजव्या आरशात चाकाकडे बघत होती. टायर मजेत होतं. मागे प्रज्वल फोनवर बोटं फिरवत होता.

वाटेतली अजनी मागे पडली आणि श्रावणनं हात वर केला. नुसती दोन बोटं, ओकारी येत असल्याची त्यांची खूण. जयानं इंडिकेटर दिला, गाडी डावीकडे घेतली, चारही दिवे लुकलुकते केले आणि हाताशी ठेवलेली पिशवी त्याच्या तोंडापुढे धरली. थोडं पिशवीत गेलं, बरंच तिच्या हातावर आणि सीटवर गेलं. जागा अडचणीची होती. मागच्या गाड्यांनी लगेच हॉर्न लावले. "ओ मॅडम, आगे लो ना!" कोणीतरी ओरडलं.

"आई, थोडी पुढं घेतेस का, तिथं सावली—" प्रज्वल म्हणाला आणि थांबला.

कारण श्रावण दाराची कडी शोधत होता. डोळे मिटलेले, हनुवटीवरून ओघळ, आणि हात दारावरून फिरत होता. "उतरतो, उतरतो भाऊ," तो पुटपुटत होता. "माफ करा. धुऊन देतो. उतरतो मी."

जयानं ओल्या हातानंच आपल्या बाजूचं बटण दाबलं. चारही दारं खटकन लॉक झाली.

"बसा," ती म्हणाली. "आपली गाडी आहे. तुम्हाले कोणी उतरवत नाही."

मागे प्रज्वलच्या हातात फोन वाजत होता. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला. मग प्रज्वलनं पुढे वाकून हळूच विचारलं, "बाबा असं काहून म्हणून राहिले, आई? कोणी उतरवलं होतं त्यांले?"

जयानं नवऱ्याकडे बघितलं. शपथ मोडली तरी चालेल, पण त्याच्यादेखत नाही. "माझं दार उघडून दे," प्रज्वल शेवटी म्हणाला. तिनं तेवढं एक दार उघडून दिलं.

तो उतरला, गाडीच्या मागे गेला आणि भर उन्हात रस्त्यावर उभा राहिला. एका हातानं मागच्या गाड्यांना बाजूनं जायला खुणावत होता, दुसऱ्या हातात फोन कानाला. "नाही," तो मोठ्यानं सांगत होता, हॉर्नच्या वर आवाज काढून. "नाही विकायची. नाही म्हटलं ना गा. येऊच नका."

श्रावणचा हात अजून कडीवरच होता. जयानं तो अलगद काढला, आपल्या मांडीवर घेतला आणि पाण्याची बाटली उघडली.

"सावकाश होऊ द्या," ती म्हणाली. "आपल्याले घाई नाही."