एकट्याची सीट

अंगठा पुन्हा त्याच जागी गेला. सीटखाली, मागच्या चाकाच्या वर, जावा मोटरसायकलीच्या चौकटीच्या नळीला जिथं लोखंडाचा कान होता आणि आता नाही — तिथं करवतीनं कापून, कानशीनं घासून, वरून काळा रंग मारल्यावरही एक उंचवटा उरला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. डोळ्यांना तो दिसत नसे. अंगठ्याला मात्र चटकन सापडे. दुसऱ्या बाजूच्या नळीवर तसाच दुसरा. रामकिशन गाडीजवळ उकिडवा बसून, हातात फडकं घेऊन, पुसायचं सोडून तो दाणा चाचपत राहिला आणि त्याला वाटलं, इतका घासायला नको होता... किंवा अजून घासायला हवा होता, अगदी सपाट, म्हणजे इथं कधी काही होतं असं कुणाला म्हणताच आलं नसतं.

या दोन कानांवर पूर्वी साडीगार्ड होतं आणि मागं बसणाऱ्याचे पायदान. नांदेडला नोकरीत असताना ही जुनी गाडी घेतली, तेव्हा देगलूर नाक्याच्या जिलानी मिस्त्रीकडून त्यानं ती अंगभर बदलून घेतली होती — उंच वाकडं हँडल जाऊन सपाट, अरुंद हँडल. विटकरी टाकी जाऊन काळी. मागचा पत्रा आखूड. आणि लांब सीटच्या जागी एक लहान, मागं किंचित उचललेली सीट, एकट्याची. मागं कुणी बसणार नाही तर साडीगार्ड कशाला, आणि ते नाही तर कान तरी कशाला. जिलानीनं करवत लावण्यापूर्वी एकदा विचारलं होतं. त्यानं मान हलवली होती. कापा.

पंचशीला दारात उभी होती. तिनं डबा दिला, आणि काल संध्याकाळी झालेलं बोलणं आज पुन्हा काढलं नाही. बोलणं साधं होतं. गल्लीत टँकर येतो तेव्हा झोंबाझोंबी होते, त्यात गेल्या आठवड्यात नागुबाई — त्याची माय — घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. आता प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ती ओसरीवर बसते. पाणी पंचशीला एकटी आणते. शेजारचा संगप्पा दूधवाला आपल्या राजदूतला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून रानातल्या एका बोअरवरून पाणी आणतो. तो बोअरवाला आपल्यालाही नाही म्हणणार नाही. तेव्हा गाडीला कॅनची लोखंडी चौकट बसवून घ्या, एवढंच तिचं म्हणणं. त्यावर तो म्हणाला होता, चौकट ज्या कानांवर बसते ते कानच या गाडीला राहिले नाहीत. हे खरं होतं. खरं असल्याचा त्याला फार आधार वाटला होता.

"मग ज्यानं कापले त्यालाच इचारा की," पंचशीला म्हणाली होती. रागानं नाही, नुसतं पीठ मळता मळता.

म्हणून आज आयतवार, आणि नांदेड. जिलानी सांगेल की होत नाही. ते ऐकायचं आणि परत येऊन सांगायचं. एवढ्यासाठी एवढा रस्ता कशाला, असं तिनं विचारलं नाही. त्यानंही स्वतःला विचारलं नाही.

"जपून जाय रे बाबा," माय ओसरीवरून म्हणाली.

किक मारली, आणि तीच दांडी आत दाबून पुढं वळवली की ती गिअरची होते — या गाडीत चालू करायचं आणि पुढं जायचं ते एकाच दांडीनं. इंजिननं निळा धूर सोडला. गल्लीच्या तोंडाशी रिकाम्या घागरींची रांग लागली होती, माणसं नव्हती, नुसत्या घागरीच, आपापल्या मालकिणीची जागा धरून बसलेल्या. तो त्यांच्या बाजूनं हळू गेला. संगप्पा कॅन धूत होता. परवा तो म्हणाला होता, "सर, तुमची गाडी नुसती नटून बसती बगा, नवरीवानी. आमची दूध बी वाहती, पानी बी." सगळे हसले होते. रामकिशनही हसला होता, आणि घरात येऊन त्यानं काळी टाकी पुन्हा पुसली होती.

लातूर मागं पडलं. त्याचा वेगळा जिल्हा झाल्याला आता काही वर्षं झाली, तरी कचेऱ्या अजून भाड्याच्या घरांत होत्या आणि दारांवरच्या पाट्यांना चुना लावून नवीन नाव लिहिलं होतं. ऊन तिरपं पडलं की चुन्याखालून जुन्या जिल्ह्याचं नाव वर येई. नव्या कचेऱ्यांसाठी माणसं लागली तेव्हा त्याची बदली नांदेडहून इकडं झाली. विहिरींची पातळी मोजायचं काम. ठरलेल्या विहिरींवर जायचं, फितीच्या टोकाला खडू लावायचा, फीत खाली सोडायची आणि वर ओढून खडू कुठवर भिजला ते पाहायचं. यंदा खडू कोरडाच वर येत होता. विहिरीभोवती जमलेली माणसं विचारत, किती हाय साहेब, आणि तो खडूचं टोक बोटांत धरून म्हणे, बघतो. काय बघणार होता? पण ते म्हटलं की माणसं जरा मागं सरत, आणि त्याला गाडीपर्यंत जायला वाट मिळे.

आष्टामोडनंतर रस्ता मोकळा झाला. इथून पुढं चाकूरपर्यंत एक लांब उतार आहे, आणि तिथं तो नेहमी करायचा ते त्यानं आजही केलं — कोपर आत घेतले, छाती टाकीवर आणली, गुडघे टाकीच्या रबरांना घट्ट लावले. मग इंजिन पायाखाली राहत नाही. ते बरगड्यांच्या आत जातं. दोन्ही सायलेन्सरचा आवाज मागं सांडत जातो आणि पुढं मात्र शांतता असते, फाटत जाणारी वाऱ्याची एक भिंत, आणि त्या भिंतीत आपल्या एकट्याच्या आकाराचं भोक... हे मी कुणाला सांगितलेलं नाही, त्याच्या मनात आलं. सांगायला शब्द नाहीत असं नाही. ऐकणारा म्हणेल, बरं मग? गाडी जायला-यायलाच असते. पण मला कुठं जायचं नसतं. मला फक्त असं हवं असतं की माझ्या मागं कुणी नाही आणि पुढं कुणी नाही आणि कुणी घंटा वाजवत नाही.

घंटा किनवटच्या वसतिगृहातली. उठायची घंटा, अंघोळीची, ताटाची, अभ्यासाची, दिवा मालवायची. सतरंजीला सतरंजी लावून झोपायचं. कूस बदलली तर शेजारच्यानंही बदलायची. दुपारी कधी सागाच्या जंगलातून एक फटफटी येत असे. आधी फक्त आवाज, रेल्वेच्या रुळांपलीकडून, मग तो वाढत वाढत कुंपणाशी येई आणि निघून जाई. जंगल खात्यातला कुणी माणूस. त्याचं तोंड कधी नीट दिसलं नाही, पाठ तेवढी दिसायची — आणि पाठीमागं कुणी नसायचं. आवाज संपेपर्यंत रामकिशन ताटातला घास तसाच धरून बसे. मग घंटा.

चाकूर गेलं. शिरूर ताजबंदला रस्त्याच्या कडेनं सायकली चालल्या होत्या, प्रत्येक सायकलीला दोन्हीकडं डबे लोंबत होते आणि चालवणारे चालत होते, हँडल धरून, एका बाजूला कलून. सायकल आता बसायची राहिली नव्हती. त्यानं वेग कमी केला. त्यांची धूळ नको म्हणून, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण बराच वेळ त्याला त्यांच्यातला एक म्हातारा आरशात दिसत राहिला.

पाणी आणायची लाज वाटते का? नाही. लाज नाही, ते दुसरंच काही आहे. गावी पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीवर माय घागर घेऊन जायची, तो तिच्या लुगड्याला धरून. विहिरीला हात लावायचा नव्हता. काठापासून थोडं अलीकडं, बाभळीखाली, ती उकिडवी बसायची, घागर पुढ्यात, एक हात गुडघ्यावर — आणि कुणी येईल, पोहरा ओढेल, वरून ओतेल, म्हणून बसून राहायची. कुणी लगेच येई, कुणी उन्हं चढल्यावर. ती हाक मारत नसे. बोलवायचं नसतं, ती त्याला म्हणाली होती, आपण दिसलो की कुणीतरी येतंय. नंतर दीक्षा, शाळा, वसतिगृह, नोकरी — या सगळ्यातून बाहेर पडून त्यानं ही गाडी घेतली तेव्हा, त्याला वाटलं होतं, वाट बघायचं संपलं. कुणाच्या हाताची नको, कुणाच्या एस्टीची नको. आणि आता त्याच गाडीच्या दोन्ही अंगांना कॅन. फिरून पुन्हा पाणीच.

एकदा जयंतीला माय नवं पांढरं लुगडं नेसून गाडीपाशी आली होती. विहाराकडं जायचं होतं. तिनं मागच्या आखूड पत्र्यावरून हात फिरवला, बसायचं कुठं ते शोधत, आणि मग हसली. "एकट्याचीच हाय व्हय रे ही?" म्हणाली, आणि पंचशीलाबरोबर चालत निघाली.

अहमदपूर, माळेगाव, लोहा. पलीकडं नांदेड.

जिलानी मिस्त्री दुकानापुढं पाटावर बसून एक कार्बोरेटर फुंकत होता. गाडीचा आवाज त्यानं मान वर न करता ओळखला, मग उठून आधी गाडीला हात लावला, नंतर रामकिशनच्या हाताला. गाडी जपली म्हणून तो खूश झाला. चहा मागवला. रामकिशननं सगळं सांगितलं — टँकर, मायचं मनगट, कॅनची चौकट — आणि सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की तो दुसऱ्या कुणाच्या अडचणीबद्दल बोलावं तसं बोलतोय. शेवटी तो म्हणाला की कान तर कापलेत, नळीही तिथं घासून पातळ झाली असेल, आता काही बसायचं नाही, नाही का?

जिलानी आत गेला. फळीवरून एक डालड्याचा जुना डबा काढला, त्यातल्या चिंध्यांच्या पुरचुंड्या उलटसुलट केल्या आणि एक उघडून त्याच्या तळहातावर ठेवली. तेल लावलेले दोन लोखंडी कान. एका बाजूला मूळचा विटकरी रंग अजून होता.

"तुमचेच हायेत."

"ठेवले कामून?"

"सगळ्यांचेच ठेवतो." जिलानी हसला. "सिंगल सीट करून नेतेत, मंग येतेत वापस. कुणाची शादी होती, कुणाला लेकरू होतं. तुमच्यात पानी आडवं आलं. ते बी नसलेलं."

रामकिशनलाही हसू आलं. डब्यात अजून किती पुरचुंड्या होत्या. त्या प्रत्येकाला वाटलं असेल, आपण एकटेच. त्यानं कान परत चिंधीत गुंडाळले, पुन्हा उघडले. त्यांचं वजन अपेक्षेपेक्षा जास्त होतं, की हाताला तसं लागलं...

जिलानी त्याच्याकडं बघत होता. मग आवाज उतरवून म्हणाला, "बसवायचे न्हाईत काय, साहेब? तसं सांगा. नळी गेली म्हनून मी चिठ्ठी न्हाई, जबानीच देतो. भाभीला सांगा, जिलानी न्हाई म्हनला."

हेच न्यायला तो आला होता. ते आता समोर, मागितल्याशिवाय, चहाच्या कपाबरोबर ठेवलं होतं. घ्यायला फक्त मान हलवायची होती, त्या दिवशी हलवली होती तेवढीच. पण जिलानीनं ते बोलून दाखवलं आणि त्याच क्षणी ते नासलं. आपल्या तोंडात जे खरं म्हणून बसलं होतं ते दुसऱ्याच्या तोंडून आलं तेव्हा नुसतं खोटं होतं. त्यानं मान हलवली नाही. जिलानीनं त्याचा अर्थ स्वतःच लावला आणि पाने उचलले.

टाकी उतरली, सीट उतरली, बॅटरीची वायर सुटी झाली. ती लहान सीट जिलानीनं त्याच्या मांडीवर ठेवली, धूळ लागू नये म्हणून. चौकट उघडी पडली. त्यानं तोंड फिरवलं, तरी वेल्डिंगचा निळा उजेड भिंतीवर उडत राहिला आणि जळक्या रंगाचा वास आला. डावा कान बसला. जिलानीनं हातोडीनं ठोकून पाहिला, मान डोलावली, उजवीकडं वळला. मशीनचा घुमणारा आवाज एकदम बसत गेला आणि थांबला. दुकानातला बल्ब विझला.

"गेली," जिलानी म्हणाला. "धरनात पानी न्हाई, लाइट कुठून येती. संध्याकाळी येईल, न्हाई तर उद्या." त्यानं हात पुसले. "एका कानावर कॅन लटकवू नका मात्र. गाडी ओढती एकीकडं, पाडती. जायचं असलं तर टाकी चढवा अन् जावा, पुढल्या आयतवारी या. मी नमाज पढून, जेवून येतो."

तो गेला. रस्ता दुपारचा ओस होता. टाकी चढवायला काय लागतं ते रामकिशनला माहीत होतं. दोन बोल्ट, पेट्रोलची नळी. घरी जाऊन सांगायला आता खोटंही बोलावं लागणार नव्हतं — लाइट गेली. पुढचा आयतवार, मग त्याच्या पुढचा. तो उठला. त्यानं डाव्या नळीवर अंगठा ठेवला. वेल्ड अजून पोळत होता. त्यानं अंगठा लगेच काढला नाही. मग पलीकडं जाऊन उजव्या नळीवर ठेवला. तिथं तो ज्वारीचा दाणा होता, थंड, जसाच्या तसा.

पाना जमिनीवर पडला होता. तो उचलायला रामकिशन खाली वाकला आणि खालीच राहिला. सावली दुकानाच्या उंबऱ्यापाशी संपत होती. तिच्या कडेला, उंबऱ्यापासून थोडा अलीकडं, तो उकिडवा बसला, दुसरा कान पुढ्यात, एक हात गुडघ्यावर. अशी बसल्यावर माय कशाचा विचार करत असेल, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं त्याला वाटायचं, ती अपमान गिळत असेल. आता इथं बसल्यावर वाटलं, कदाचित ती नुसती ऐकत असेल — वाटेवर पाऊल वाजतंय का, रहाट करकरतोय का. दुसरं काही आत यायला जागाच नसेल.

हाक मारायची नव्हती. मारणार तरी कुणाला. डोळे त्या विझलेल्या बल्बवर ठेवून मशीन पुन्हा घुमतंय का याकडं तो कान देऊन राहिला. आणि तो आवाज यावा असं आपल्याला वाटतंय की येऊ नये असं, हे चाचपायला त्याचा अंगठा पुन्हा पुन्हा पुढ्यातल्या त्या लोखंडाकडं जात होता, पण अंगठ्याला ते सापडत नव्हतं.