पुसली न गेलेली कॅसेट

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, मित्रांनो, आणि कोणी मला अडगळ म्हटलेलं मला मुळीच खपत नाही.

२००१ साली जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये सुलेखाने टीव्हीवरचा एक माहितीपट माझ्यावर उतरवून घेतला. अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष आणि त्यांची पत्नी यांच्यावरचा, जर्मन निवेदनाचा. ते देशाच्या कामासाठी वर्षानुवर्षं दूर. ती शेती आणि मुलं सांभाळून त्यांना पत्रं लिहायची. एका पत्रात तिने बजावलं होतं, की नवे कायदे करताना बायकांना विसरू नका.

सुलेखा पुण्याची इंजिनिअर. नवरा श्रीपाद इथे गाड्यांच्या कंपनीत, आणि ती घरी, कारण तिला जर्मन येत नव्हतं. दुपारी ती मला लावायची, थांबवायची, मागे न्यायची, शब्द वहीत लिहायची. ते पत्र तर इतक्या वेळा ऐकलं, की तिथे माझ्या चित्रावर पांढरी रेघ उमटली. मी हूं की चूं केलं नाही. माझ्या कडेची प्लास्टिकची पट्टी तिने मुद्दाम मोडली, कारण ती मोडली की वर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. माझ्यावर नाव लिहिलं, 'जर्मनचा अभ्यास'. दोन वर्षांनी तिला नोकरी लागली. मुलाखत जर्मनमध्येच झाली. त्यातलं अर्धं श्रेय माझं, हे मी कोणालाही ऐकवीन.

मग घरात डीव्हीडी आली आणि माझी रवानगी तळघरात झाली, सायकलींच्या शेजारी.

२००६ च्या फुटबॉल विश्वचषकात श्रीपादला एक सामना रेकॉर्ड करायचा होता. त्याने मला वर आणलं, मोडलेल्या जागेवर चिकटपट्टी लावली आणि लाल बटण दाबलं. अध्यक्षांचं सुरुवातीचं भलंमोठं भाषण माझ्या डोळ्यांदेखत पुसलं गेलं. पुढे पत्राची पाळी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुलेखाची दोन वर्षं मी अशी पुसू देणार नव्हते! मी फीत अशी गुंतवली, की मशीन कुरकुरत बंदच पडलं.

आवाज ऐकून सुलेखा धावत आली.

“अरे, हीच बरी सापडली तुला?”

“आल्झो... म्हणजे, अभ्यास झाला ना तुझा? जर्मन येतं की आता.”

“येतं म्हणून काय झालं? माझी आहे ती. आधी विचारायचंस.”

मग श्रीपादनेच चिकटपट्टी काढली आणि दोघांनी मिळून माझी फीत हळूहळू सोडवली. पुन्हा लावून पाहिलं, तर अध्यक्षांचं भाषण गेलं होतं. त्यांच्या पत्नीचं पत्र मात्र शब्दन् शब्द शाबूत होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा म्हणून मी हात जोडणार नाही. खुशाल टाका, खुशाल पुसा, पण जिची वस्तू आहे तिला आधी विचारा. नाही विचारलंत, तर मी पुन्हा गुंतेन.