एकदाच वाजणारा निरोप

“हात लावू नका हो! आधी टेबलावर ठेवा तो फोन,” मी ओरडलोच.

बाई दचकल्या. साठीच्या असतील. फोन टेबलावर ठेवून त्यांनी हात मागे घेतला. त्यांची मुलगी नऊ दिवसांपासून बेपत्ता होती. जावई सगळ्यांना सांगत सुटला होता, भांडून गेलीय, येईल राग उतरला की. आणि ती गेली म्हणतात त्याच्या आदल्या दिवशीचा तिचा एक आवाजी निरोप आईच्या फोनवर तसाच पडून होता.

“मला वाटलं कसली तरी जाहिरात आहे,” बाई म्हणाल्या. “काल शेजारणीने पाहिलं. म्हणाली, दाबू नका, हा एकदाच वाजतो आणि जातो. म्हणून तशीच इथे आले.”

शेजारणीचं भलं होवो. असा निरोप पाठवणाऱ्यालाही परत ऐकता येत नाही. म्हणजे नवरा हिचा फोन तपासत असणार, म्हणूनच हिने असा पाठवला.

या पोलीस ठाण्यात मोबाईल आणि कॉम्प्युटरच्या पुराव्यांचं टेबल मी सांभाळतो. आलेली प्रत्येक वस्तू पाकिटात घालून लाखेचं सील मारतो, म्हणून सगळे मला शिक्केमास्तर म्हणतात. तोंडावर म्हणतात, लाज नाही कुणाला.

साहेबांनी प्रयोगशाळेला विचारलं. तिथे चार महिन्यांची रांग. निरोप तर चौदा दिवसांत आपोआप पुसला जाणार.

“आजच वाजवायचा,” साहेब म्हणाले. “दोन पंच बोलवा, कॅमेरा लावा. दुसरी संधी नाही, शिक्केमास्तर.”

“मी पण बसते आत,” बाई म्हणाल्या.

“नको काकू. तुम्ही रडलात तर तेही रेकॉर्ड होईल. जावयाच्या वकिलाला आयतंच कोलीत मिळेल.”

“नाही रडणार. तोंडात बोळा कोंबून बसते, हवं तर.”

“ऐका माझं. रेकॉर्डिंग झालं की आधी तुम्हाला ऐकवतो. पाहिजे तितक्या वेळा ऐका. माझा शब्द आहे.”

त्या उठल्या आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. माझ्या शब्दावर, बरं का.

समोरचा झेरॉक्सवाला आणि एक निवृत्त शिक्षक, असे दोन पंच आले. मी हातमोजे घातले, कॅमेरा स्टँडवर लावला, वेळ लिहिली आणि बोट टेकवलं. जेमतेम वीस सेकंद. संपल्यावर कुणीच कुणाकडे बघेना. साहेब टोपी उचलून धावतच सुटले आणि जीप गेल्याचा आवाज आला.

मी तपासण्यासाठी रेकॉर्डिंग लावून पाहिलं. चित्र स्वच्छ होतं. आवाज नव्हता.

मागे कोर्टात आमचं एक चित्रीकरण लावलं, तर मागून एका शिपायाची अस्सल शिवी ऐकू आली होती. साहेबांनी माझी बिनपाण्याने हजामत केली. तेव्हापासून स्क्रीनचं चित्रीकरण करताना माईक बंद करायची हाताला सवय लागलेली. आम्ही नेहमी मेसेज वाचतो, फोटो बघतो. ऐकायचं असं काही नसतंच. हाताने सवयीने बटण दाबलं आणि डोकं कुठे होतं, देव जाणे. जमीन दुभंगावी आणि आत जावं असं वाटलं.

“आठवतंय तोवर लिहा,” शिक्षक म्हणाले. तिघांनी आठवून, एकमेकांना विचारून ओळ न् ओळ पंचनाम्यात घेतली. सह्या झाल्या. मग कागद घेऊन मी बाकापाशी गेलो.

“काकू, माझ्या हातून घोळ झाला. आवाज आलाच नाही रेकॉर्डिंगमध्ये. निरोपही गेला.”

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

“काय म्हणाली?” एवढंच विचारलं त्यांनी.

मी शेजारी बसलो आणि वाचलं. “‘आई, घाबरू नकोस. उद्या माझा फोन आला नाही, आणि हा म्हणाला मी निघून गेले, तर खरं मानू नकोस. गोदामामागच्या टाकीत बघायला सांग. त्याने परवा तिला नवीन झाकण बसवलंय. दार वाजतंय. ठेवते.’”

त्यांनी कागदावरच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

“ती असं नुसतं ‘आई’ नाही म्हणत.”

मी आठवून पाहिलं. खरंच की. “‘अगं आई’ म्हणाली.”

“मग लिहिलं का नाही तुम्ही?”

मला ते बिनमहत्त्वाचं वाटलं होतं. मी आत गेलो, ओळीच्या वर बारीक अक्षरात ‘अगं’ लिहिलं, बाजूला सही केली आणि पंचांच्याही सह्या घेतल्या. परत येऊन काकूंना दाखवलं. त्यांनी कागद जवळ धरून तो शब्द पाहिला.

तेवढ्यात आत माझ्या टेबलावरचा फोन वाजू लागला. साहेबच असणार. टाकीचं झाकण उघडून झालं असणार. मी उठायला लागलो.

काकूंनी माझी बाही धरली.

“वाजू दे तो,” त्या म्हणाल्या. “आधी मला ते परत वाचून दाखवा. ती म्हणाली तसं.”

मी खाली बसलो. फोन वाजत होता.

“अगं आई,” मी वाचू लागलो, “घाबरू नकोस...”