पडद्यामागचं औषध

मंडपात पाय ठेवण्याआधी खोकला ऐकू यायचा. देवळाली प्रवऱ्याच्या बाहेर ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात ताडपत्र्या ठोकल्या होत्या आणि सकाळी सातपासून रांग लागायची. कुणी तोंडाला पदर लावलेला, कुणाच्या खांद्यावर तापानं मलूल झालेलं पोर. पुढचा खोकला की मागचा खोकायचा, मग त्याच्या मागचा. गावात फ्लूची साथ होती. साथीला गर्दी फार आवडते, आणि गर्दी जमवायला मार्तंडबाबा आयतेच बसले होते.

"डाक्टरची गोळी म्हंजी मढं!" बाबा गरजायचे. "कारखान्यात बनली, पाकिटात कोंडली. तिच्यात जीव कुठनं यायचा? देवापुढं पेढे ठेवता, ते पुडा बांधलेला ठेवता का उघडून?"

"उघडून!" गर्दी ओरडायची.

"मग दवा कोंडलेली कशी चालंल? काढा पाकिटातनं, ठेवा ताटात! देव तिच्यात जीव घालंल."

आणि शहाणीसुरती माणसं, ज्यांना उसाच्या बिलातला एक रुपया कमी पडलेला चालत नाही, ती निमूट कॅप्सुली सोलून तांब्याच्या ताटात ठेवायची. ताट लाल पडद्याआड जायचं. तासाभरानं लाल दोऱ्यानं बांधलेली पुडी परत यायची. दहा दिल्या तर दहाच यायच्या, एकीचाही फरक नाही. सोबत चिमूटभर अंगारा, तो मात्र तिथंच बाबांसमोर जिभेवर ठेवायचा.

आता गंमत अशी, की माणसं बरी होत होती! सगळी नाही, पण बरीच. फ्लू हा आजारच असा, की बहुतेकांना आठवड्याभरात आपोआप सोडून जातो; पण हे रांगेत कोण सांगणार? उलट सगळे म्हणायचे, "चार दिस डाक्टरच्या कॅप्सुली खाल्ल्या, कायबी फरक न्हाई. अंगारा घेतला आन ताप पळाला!"

यातली सगळ्यात मोठी साक्षीदार चांगुणा. तिला ताप आला तेव्हा तिनं रोज मंडपात जाऊन अंगारा चाटला. जहर कडू होता. तिसऱ्या दिवशी बाई कांद्याच्या वाफ्यात खुरपत बसली. तेव्हापासून तिच्यासमोर बाबांबद्दल वाकडा शब्द काढायची सोय नव्हती.

म्हणून तर सुनेला ताप आला, तेव्हा तिनं मागचापुढचा विचारच केला नाही.

निकिताला सातवा महिना होता. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टर यामिनीनं तिला तपासलं आणि चांगुणाला बाजूला घेतलं. "काकू, पोटुशी बाईला हा फ्लू फार वाईट. औषध पहिल्या दोन दिवसांत पोटात गेलं तरच खरा उपयोग. सकाळी एक, रात्री एक, पाच दिवस. बरं वाटलं तरी मधेच सोडायचं नाही. यातली एकही दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. आणि दम लागला तर मला लगेच फोन."

"व्हय व्हय, बाई," चांगुणा म्हणाली, आणि दवाखान्यातून थेट मंडपात गेली.

"आई, आधी एक गिळू दे की तिला!" मुलगा, ओम, कुरकुरला.

"गप. देवाच्या आधी खायची नसती."

बाबांनी ताट घेतलं. निकितासाठी अंगारा मात्र दिला नाही. "पोटुशीला अंगारा न्हाई चालत. गर्भाला झळ लागंल. कॅप्सुलीच पुरं."

केवढी माया वाटली चांगुणाला त्या माणसाची!

पहिल्या दिवशी ताप हटला नाही. दुसऱ्या दिवशी निकिता उठून बसेना. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बोलताना दर दोन शब्दांनी थांबू लागली. ओठांचा रंग चांगुणाला आवडेना. कॅप्सूल घशाखाली उतरेना. पाण्याचा घोट घेतला की उलटी. पोटावर हात ठेवून पोरगी म्हणाली, "आत्याबाई, बाळ... कालपास्नं... कमी हालतंय."

चांगुणानं यामिनीला फोन लावला.

"दम लागतोय? मी अँब्युलन्सची गाडी बोलावते आणि लगेच निघते," यामिनी म्हणाली. "तोवर कॅप्सूल गिळवत नसेल तर उघडा आणि आतली सगळी पूड काकवीत कालवून चमच्यानं द्या. पूड पांढरी असते आणि कडू लागते, म्हणून गोडात."

काकवी घरात होतीच. चांगुणानं वाटी घेतली, कॅप्सुलीची दोन टोकं धरून ओढली. काकवीवर काळपट भुकटी पडली.

वाटी खरकटी असेल म्हणून तिनं दुसरी घेतली, पदरानं लख्ख पुसली. दुसरी कॅप्सूल उघडली. तेच. तिसरी. तेच. तिनं बोट लावून चाखलं, आणि जन्मभर राखेनं भांडी घासलेल्या त्या बाईला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. राख होती. निव्वळ गोवरीची राख.

आणि मग दुसरी गोष्ट आठवली. राख कडू नसते. कधीच नसते. मग बाबाचा अंगारा जहर कडू कसा होता?

यामिनी आली तेव्हा चांगुणा वाटीसमोर तशीच बसलेली होती. यामिनीनं वाटीकडं पाहिलं, मग पुडीकडं. बॅगेतून नवी कॅप्सूल काढली, उघडली, पांढरी पूड काकवीत कालवून निकिताला घोट घोट पाजली. मग म्हणाली, "गाडी राहुरीहून निघालीय. अर्धा तास."

चांगुणानं पुडी उचलली आणि चालू लागली. मंडप हाकेच्या अंतरावर होता.

"ताटात जीव घालणाऱ्या बाबा!" ती रांग तोडून पुढं गेली. "माज्या सुनंच्या पोटात काय घातलंस रं?" आणि भर मंडपात तिनं चौथी कॅप्सूल उघडली. तांब्याच्या ताटात राख सांडली.

"देवाची लीला!" बाबा हसले. "जिचा भाव खोटा, तिची दवा राख व्हती."

"मग सगळ्यांचा भाव बघू की! सोडा रं दोरे! उघडा आपापल्या पुड्या!"

रांगेतल्या लंकाबाईनं कमरेची पुडी काढली. तिचा नवरा राधाकृष्ण आठवड्यापूर्वी याच तापानं गेला होता आणि ती गावभर डॉक्टरणीला शिव्या घालत होती. त्याच्या उरलेल्या तीन कॅप्सुली तिनं जपून ठेवल्या होत्या. तिनं एक उघडली. राखच निघाली. उरलेल्या दोनही तिनं तिथंच फोडल्या.

मग सगळीकडं दोरे सुटू लागले. राख. राख. राख.

कुणीतरी लाल पडदा ओढला. आत देव नव्हता. राखेचं पोतं, एक चाळणी आणि पांढऱ्या पुडीनं अर्धी भरलेली काचेची बरणी. लोकांच्या कॅप्सुलीतली दवा काढायची, आत राख भरायची. काढलेली दवा राखेत मिसळून अंगारा म्हणून चाटवायची. औषध डॉक्टरचं, नाव बाबाचं! बाबा जीपकडं सटकत होते, त्यांना पोलीस पाटील बन्सीनं धरलं.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण माणसांची जात मोठी विचित्र!

"म्हंजी बरणीत निव्वळ दवा हाय!" रांगेतला गोरक्षनाथ ओरडला. "माज्या बापाला मूठभर द्या!"

आणि अख्खी गर्दी बरणीवर तुटून पडली. बाबाचा चमत्कार पाच मिनिटांपूर्वी मेला होता, तोवर बरणीचा सुरू झाला. चांगुणानं झेप घेऊन बरणी पोटाशी धरली. गाडीचा निरोप घेऊन आलेला ओमही तिच्यासमोर हात पसरून उभा होता. "आई, निकितासाठी थोडी दे. चिमूटभर!"

पोटच्या पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचं काळीज तुटलं, पण हात सैल झाले नाहीत.

"न्हाई. तिची दवा मोजून डाक्टरीणबाईनं आनलीया. हिच्यात काय मिसळलंय, तुला म्हाईत हाय? आन गोरक्षा, तुज्या बाच्या किडन्या अधू, त्याला डोस कमी लागतो, हे बाईनं तुला माज्यादेखत सांगितलं हुतं. तू त्याला हितं आनून चार-चार डाव अंगारा चाटवलास, कालपास्नं उलट्या करतोय. मूठभर देऊन मारतोस का त्याला? किती, कुनाला, किती दिस, हे ठरल्याबिगर दवा न्हाई, इख हाय इख!"

बरणी तिनं बन्सीच्या हातात दिली आणि गाडीकडं धावली.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ताप कधीपासून, आणि औषध कधी सुरू केलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. सासूनं सुनेला काय चारलं, कुणाला कळणार होतं?

"ताप तीन दिसांचा. दवा आज सकाळी," चांगुणा म्हणाली. "मधल्या दिसांत मी तिला राख चारली, डाक्टर. माज्या हातानं."

अकरा दिवस निकिता प्राणवायूवर होती. चौथ्या दिवशी ताप उतरला तशी ती म्हणाली, "आता बास की कॅप्सुली." चांगुणानं उरलेल्याही तिला वेळेवर, मोजून दिल्या. पोटातलं बाळ वाचलं. पण जन्मल्यावर ते धडधाकट असेल का, हे डॉक्टरसुद्धा छातीठोक सांगत नव्हते.

निकिता घरी आली तेव्हा बायाबापड्या बघायला जमल्या. एक जण म्हणाली, "काय बी म्हन, मला त्याच बाबाचा गुण आला हुता."

चांगुणाचा पारा चढला नाही. ती थकली होती. "येणारच की. दवाच हुती त्याच्या अंगाऱ्यात, आन न्हाई तर आपसूक बरी झाली असतीस. पन एक ध्यानात ठेव, बाई. बरी झालेली मानसं बाबाचा जयजयकार कराया येत्यात. राधाकृष्णदाजींसारखी गेलेली सांगाया येत न्हाईत. त्यांच्या वतीनं मी सांगतेय. ताप आला की डाक्टरकडं जा, न कळलं तर धा डाव इचारा, आन जेवढी दिली तेवढीच घ्या. लाज वाटली तर माज्यासंगं चला."