सरासरी दोन पूर्णांक आठ

चौतीस वर्षं मी वजनमापं तपासण्याची नोकरी केली. दुकानदार मला बघून हसायचे आणि मनात शिव्या द्यायचे, याची मला पूर्ण कल्पना होती. किलोला दहा ग्रॅम कमी भरणारा काटा मी नुसत्या नजरेने ओळखायचो. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे झालं ते एखाद्या अडाणी माणसाच्या हातून झालं, असं कुणी समजू नये.

माझ्या बायकोला गेल्या वर्षी नागीण झाली. डाव्या बरगडीवर फोड आले, महिन्याभरात गेले, पण त्या जागेचं दुखणं काही गेलं नाही. कपडा लागला तरी आग व्हायची. ती घरात ढगळ गाउन घालून, डावा हात अंगापासून जरा लांब धरून वावरायची. औषधं झाली, मलम झाली. शेवटी मोठ्या दवाखान्यात अशाच दुखण्यावरच्या नव्या गोळीचा अभ्यास चालला होता, त्यात तिला घेतलं. गोळ्यांची बाटली मिळाली, मनगटात घालायला एक करडा पट्टा मिळाला आणि एक निळी वही. वहीत रोज संध्याकाळी सहा वाजता दुखण्याचा आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. आठ आठवड्यांनी शेवटच्या पंधरा दिवसांची सरासरी काढणार. ती सहा किंवा जास्त आली, तर गोळी पुरत नाही असं धरून त्या रुग्णाला दुसऱ्या टप्प्यात घेणार आणि मशीनवर बघत नेमकी दुखणाऱ्या नसेपाशी सुई देणार. जागा फक्त बारा होत्या. सरासरी कमी आली तर तीच गोळी पुढे चालू. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, सुई नापासांसाठी असणार. आमच्या घरात कुणी नापास झालेलं नाही.

वही मी लिहायची हे ठरवावंही लागलं नाही. घरातले सगळे फॉर्म मीच भरतो. पहिल्या संध्याकाळी मी पेन उघडून विचारलं, किती? ती स्वयंपाकघरातून म्हणाली, नऊ. मला ते पटलं नाही. मी तिला बाहेर बोलावलं आणि समजावलं, की नऊला माणूस गडाबडा लोळायला हवा. तू आत्ता कांदा चिरत होतीस, एवढं नसेल. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, मग सात लिहा. मी सहा लिहिलं. आयुष्यभर दुकानदारांची घासाघीस ऐकली, तीच मी बायकोच्या दुखण्याशी केली. तेव्हा मात्र मला वाटलं, मी तिला मोजायला शिकवतोय.

दुसऱ्या आठवड्यापासून ती नुसतं 'कालचंच' म्हणायला लागली. तिसऱ्यापासून मी विचारणंच सोडलं. माझा हिशेब तयार होता. फोनवर मैत्रिणीशी हसली, एक कमी. इस्त्री केली, अजून एक कमी. जेवताना गप्प बसली, अर्धा जास्त, पण वहीत अर्धा लिहायची सोय नव्हती, म्हणून तो सोडून द्यायचा. वहीच्या मागच्या पानावर मी आलेख काढला. रेघ अशी सरळ उताराला लागली होती, की मी ती आल्यागेल्याला दाखवायचो. ती शेजारी उभी राहून हसायची. त्या हसण्याचाही मी एक कमी केला.

आठवा आठवडा संपल्यावर आम्ही दवाखान्यात गेलो. अभ्यासाचं काम बघणारी नर्स तरुण होती, आम्हाला काका-काकू म्हणायची. तिच्या खोलीतल्या वजनकाट्याचा शून्य जरा सरकलेला होता. मी ते लगेच सांगितलं, ती हसली आणि तिने तो नीट केला. मग तिने एकीकडे माझी वही उघडली आणि दुसरीकडे संगणकावर पट्ट्याची माहिती. दोन्हीकडे आळीपाळीने बघत तिने आकडे पुन्हा तपासले.

वहीतली सरासरी दोन पूर्णांक आठ येत होती. पट्टा सांगत होता, की काकू एका वेळी पन्नास मिनिटांहून जास्त झोपलेल्याच नाहीत. रोज रात्री एक ते चारच्या दरम्यान दीड-दोन हजार पावलं. आमच्या घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अकरा पावलं होतात. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी झोपताना कानातलं यंत्र काढून ठेवतो.

मी आधी पट्ट्यालाच धारेवर धरलं. तो कशाशी ताडून बघितला होता, कधी, कुणी. नर्सने शांतपणे सगळी उत्तरं दिली. उत्तरं चोख होती. मग तिने माझ्याकडे पाठ करून बायकोला विचारलं, आत्ता या क्षणी किती आहे?

बायकोने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. "तीन," ती म्हणाली.

"आणि वहीतला आकडा कोण ठरवतं, काकू?"

"मीच. अक्षर यांचं, आकडा माझा."

एकेचाळीस वर्षांत ती परक्या माणसासमोर खोटं बोललेली मी पाहिली नव्हती. माझी लाज राखायला बोलत होती, आणि इतकं सहज, की नर्सने सही करायला पेन उचललं. ती सही झाली की सुई गेली. पुन्हा तीच गोळी आणि पुन्हा ती अकरा पावलं.

"आकडे माझे आहेत," मी म्हणालो. "तिला मी विचारलेलंही नाही."

नर्सने पेन खाली ठेवलं. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी वही चाळली, मागच्या पानावरचा आलेखही बघितला. मी घाईघाईने म्हटलं, की चूक माझी आहे, हिची नाही. ही खरे आकडे आत्ता सांगेल, मी खोडून लिहितो, सही करतो. बोलता बोलताच मला कळलं, मी काय मागतोय. काट्यात फेरफार केला म्हणून मी लोकांच्या दुकानांना सील ठोकलं होतं, आणि तेही असंच म्हणायचे, साहेब, आत्ता नीट करतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की दुसऱ्याने भरलेली वही ग्राह्य धरता येत नाही. वही बाद म्हणजे नाव बाद. दुसरा टप्पा नाही आणि ही गोळीही आजपासून बंद. वेदनांच्या नेहमीच्या विभागात नाव घालून देते, पण तिथली तारीख साधारण पाच महिन्यांनंतरची मिळेल. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. बायकोने पिशवीतून उरलेल्या गोळ्यांची बाटली काढून टेबलावर ठेवली. बाईंनी विचारलं, या गोळीने काही फरक पडत होता का?

"सकाळी तासभर," ती म्हणाली. "तेवढ्यात मी अंघोळ आणि इस्त्री उरकून घ्यायचे."

बाहेर लिफ्टसमोर एक बाक होता. त्यावर आम्ही बसलो. मी विचारलं, की तू तिथे तीन का म्हणालीस. मला रागवायचं होतं की माफी मागायची होती, मलाच ठरवता येत नव्हतं. आवाज मात्र रागवल्यासारखाच निघाला.

"तुमचं तोंड पडलं असतं सगळ्यांसमोर."

"पण मला तरी सांगायचंस. घरात सांगायचंस."

"सांगितलं होतं की. पहिल्याच दिवशी नऊ म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, एवढं नसेल." ती समोरच्या बंद दाराकडे बघत होती. "मग मलाही वाटायला लागलं, नसेल एवढं. मीच बाऊ करत असेन. रात्री चालताना पण तेच म्हणायचे स्वतःला, नसेल एवढं, नसेल एवढं."

लिफ्ट आली, माणसं उतरली, माणसं चढली. तिने उठायला बाकाची कड धरली आणि तशीच वाकून परत बसली. मग ती कण्हली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, माझ्यादेखत पहिल्यांदा. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. एका बाईने मला विचारलं, काय झालं हो त्यांना?

"खूप दुखतंय तिला," मी म्हणालो.

दुसरी लिफ्ट येऊन गेली. तिसरीही गेली. ती कण्हत होती आणि मी तिला उठवायची घाई केली नाही.