शिवलेली बाही

महाराज गेले आणि सुतकाच्या कपड्यांचं काम माझ्याकडे आलं. बापासाठी लेकरानं घालायचा कपडा शिवायचाच नसतो. तागाचं जाडंभरडं कापड नुसतं फाडायचं, कडेचे दोरे लोंबू द्यायचे. मेलेल्याच्या भावाच्या कपड्याला मात्र कड दुमडून टाके घालायचे. आमच्याकडे शेंबडं पोरही हे जाणतं.

मी राजवाड्यातली थोरली दाई. महाराजांची लेक सुइरोंग माझ्या दुधावर वाढली. ती उत्तरेच्या सरहद्दीवर फौज सांभाळत होती. तिचा भाऊ पेई पाच वर्षांचा, झोपायचा माझ्याच कुशीत. गादी त्याची होती, जगला तर. महाराजांचा भाऊ वेइचांग त्या दिवसांत पोराच्या तब्येतीची इतकी चौकशी करायला लागला, की पेईची राळ्याची पेज मी आधी स्वतः चाखायला लागले.

दहाव्या दिवशी शवपेटीपुढे जो बांबूची काठी धरतो, तो वारस. पेईला काठी पेलणार नाही, म्हणून काका धरणार होता. मग पोराला ताप येणार आणि काठी काकाकडेच राहणार. सगळ्यांना दिसत होतं. बोलत कोणी नव्हतं.

आठव्या दिवशी वेइचांग शिवणघरात आला. काठी धरायची म्हणून लेकरानं घालायचा सुट्या कडेचा कपडा त्यानं स्वतःसाठी फाडून घेतला होता.

"दाई, हे दोरे मनगटाला टोचतात. कड आत दुमडून दे."

"दुमडू?"

"बाहेरून दिसणार नाही अशी. तुला काय शिकवायचं?"

"जशी मर्जी," मी म्हटलं. जन्मभर रेशमात लोळलेलं अंग, दोन घटका ताग सोसवेना. मी असे बारीक टाके घातले, की माझेच मला दिसेनात.

दहाव्या दिवशी सकाळी सुइरोंग पोचली. पेटीच्या दालनात लोखंड न्यायचं नसतं. दारावर काकाच्या शिपायांनी तिची तलवार घेतली, चिलखत उतरवलं, केसातला काटासुद्धा काढून घेतला. मी तिच्या अंगावर ताग चढवला.

"काकाच्या बाह्या बघ," कमरेची दोरी बांधताना मी पुटपुटले.

"काय आहे त्यात?"

"माझे टाके."

तिनं मान वळवून दालनात पाहिलं. मग म्हणाली, "दाईआई, म्हातारी झालीस, पण सुधारली नाहीस."

"तुझ्या अंगाला घोड्याचा वास येतोय. आधी ते बघ."

आत सगळा दरबार गुडघ्यावर होता. काका काठी धरून पुढे उभा, पेई त्याच्या पायाशी मुसमुसत बसलेला. सुइरोंग सरळ गेली आणि रडताना आधार घ्यावा तसा काकाचा हात तिनं हातात घेतला. मग बाही उलटी केली.

"तोउबाबा," ती म्हणाली, "शिवलेल्या बाहीच्या माणसानं काठी धरावी का?"

तोउबाबा विधी सांगणारे. वय ऐंशी, डोळे अधू. ते इतके वाकले की नाक बाहीला लागलं. बोट फिरवून त्यांनी एकेक टाका चाचपला. आयुष्यात माझं शिवण कोणी इतकं निरखून पाहिलं नाही.

"शिवलेलं भावानं घालावं," ते म्हणाले. "आणि लेकरू असताना भावानं काठी धरू नये."

"एका दाईच्या टाक्यांवर राज्य ठरवणार?" काका हसला.

"घालून तर तुम्हीच घेतलेत, काका."

तिनं काठी ओढून घेतली. काकाचा हात छातीशी गेला आणि सुरा घेऊन बाहेर आला. काठीचा एकच फटका मनगटावर बसला. सुरा पेटीच्या पायाशी खणखणत पडला.

लोखंड, महाराजांसमोर. ज्या शिपायांनी तिचा केसातला काटा सोडला नव्हता, ते दारात उभे राहून त्या सुऱ्याकडे बघत राहिले. त्यांचा नायक आधी गुडघ्यावर आला. मग बाकीचे. काकाला त्यांनीच धरून बाहेर नेलं.

आता ती काठी पेईच्या हातात देईल असं मला वाटलं. तिनं पेईला डाव्या कडेवर घेतलं, काठी उजव्या हातात ठेवली आणि जाऊन गादीवर बसली.

"हा मोठा होईपर्यंत मी धरते."

मोठा म्हणजे केवढा, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मला तर ती तिथे बसलेली शोभली, खोटं कशाला सांगू?

दुपारी मी पेईची पेज घेऊन गेले आणि सवयीनं चमचा तोंडाकडे नेला.

"आता चाखायची गरज नाही, दाईआई."

मी तिच्याकडे बघत चाखली.

"माझाही भरवसा नाही?"

"काठी ज्याच्या हातात, त्याचा नाही."

शिपाई खाली बघायला लागले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या हातून चमचा घेतला, आधी स्वतः एक घास खाल्ला आणि दुसरा पेईला भरवला.

"मीठ कमी आहे," म्हणाली.

नव्हतं कमी.